बिनतेलाची तर्री

आमच्या भाऊजींइतका तेलाचा भक्त अख्ख्या नागपुरात झाला नसेल, आणि तेलाचा त्यांच्याइतका कट्टर वैरीही झाला नसेल. हे दोन्ही मी एकाच जन्मात पाहिलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन प्रताप नगरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले. गोळाभात जेवताना फोडणीचं तेल ते चमच्याने नव्हे, वाटीने घेत. लग्नाच्या पंगतीत रश्श्यावर बोटभर तर्री दिसली नाही तर वधूपक्षाबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होई. "तेल नाही तं जेवलो कायले मंग? आंघोळच केली असती," असं ते वाढप्याला ऐकवत.

मग ताईचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी तेल बंद सांगितलं ते फक्त तिला, पण भाऊजींनी त्याच संध्याकाळी तेलाची अख्खी कॅन माझ्या दारात आणून ठेवली. "ठेव तुझ्याकडे. मी खाईन आन् ती पाहीन, असं होत नसते गा." तिळातून तेल निघतं म्हणून तीळ गेले, शेंगदाणे गेले, संक्रांतीला घरी आलेले तिळगूळसुद्धा त्यांनी गेटवरूनच परत पाठवले. उरली काकडी, मुळा, कोबी. ताईने दोन दिवस ते निमूट खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी ताट सरकवून दिलं. "मी का बकरी आहो, पाला खायले?"

ताईने ताट सरकवलं याची भाऊजींना फार भीती वाटली. बाई खाणार नाही तर राहणार कशी? ज्या माणसाने आयुष्यात चहासुद्धा उकळला नव्हता, तो खलबत्ता घेऊन बसला. सॅलडवर ओतायला ताज्या फळांचं, भाज्यांचं काहीतरी रोज नवं करायचं, आणि त्यात तेलाचा थेंब नाही. त्याला ते 'बिनतेलाची तर्री' म्हणत. मिक्सर चालत नसे, त्यात संत्र्याची बी भरडली जाते आणि रस कडू होतो असं त्यांचं म्हणणं. चष्मा नाकाच्या टोकावर आणून एकेक बी वेचत. कधी विस्तवावर भाजलेला टमाटर आणि लसूण, कधी कवठाचा गर, कधी दह्यात ठेचलेली काकडी आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. बाजारात संत्रं कानाशी धरून हलवत, ते काय ऐकत असत देव जाणे. विकणाऱ्याने एकदा विचारलं, "काका, फोन लागला का?" भाऊजींनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

पहिला चमचा माझा असे. रोज सातला फोन यायचा, "ये. चाखून जा." पहिली वाटी तर मी खोकत खोकत संपवली होती, पण हळूहळू त्यांचा हात इतका बसला की मी घरी कमी जेवू लागलो. ताईही ताट पुसून खाऊ लागली. "आज आंबट झालं वाटते," असं ती म्हणाली की भाऊजी खुलत. "पाहा हिची जीभ!"

ती जीभ माझी होती. औषधांनी ताईची चव केव्हाच गेली होती. भाऊजी पुदिना तोडायला अंगणात गेले असताना तिने मला जवळ बोलावलं. "मले सगळं मातीसारखं लागते बाबू. यायले, तुह्या भाऊजीले, सांगू नको. दिवसभर माह्यासाठी बसून राह्यतात बिचारे. तू चाखलं का मले खूण करत जा." आंबटाला मी कान खाजवायचा, गोडाला मिशी. चार महिने हे नाटक चाललं. एकदा मला सर्दी झाली आणि काहीच कळेना. वाटीत रंग संत्र्याचा, संत्री तेव्हा साखरेसारखी निघत होती, म्हणून मी मिशीवर हात फिरवला. ताई म्हणाली, "आज संत्रं गोड निघालं वं बाई." भाऊजींनी वाटीत चमचा एकदा फिरवला. मग म्हणाले, "हो ना. बरोबर ओळखलं." सुटलो, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात ताई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. "ये. चाखून जा." मी गेलो. टेबलावर एकच वाटी होती.

"त्या दिवशी संत्रं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "कैरी होती. गाजर उकडून वाटलं होतं त्याच्यात, म्हणून तसा रंग."

माझा हात मिशीवर गेला.

"मले त्याच्या आधीपासून मालूम होतं गा. कोणी दर वेळेस तुझ्या मिशीकडे पाहून जेवते का? पण जेवून राहिली होती ना. मी तेवढंच पाहून राहिलो होतो." त्यांनी चमचा माझ्यापुढे केला. "आता तिच्यासाठी सांगायचं नाही. मले सांग. खरं सांग."

मला ताईची इतकी आठवण कधीच आली नव्हती. चमचा तोंडात घातला. खोटं बोलायची चार महिन्यांची सवय होती, ती मोडायला वेळ लागला.

"भाऊजी, मीठ टाकायचं राहिलं."

"राहिलं का?" ते म्हणाले, आणि मीठ आणायला आत गेले. डबा ओट्यावरच असतो, हाताशी. मी वाटीसमोर बसून राहिलो. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.