लाल रेघेचा मफलर

अमेरिकेतल्या शेल नावाच्या खडकाच्या एका पट्ट्यातून दर महिन्याला किती तेल आणि किती गॅस निघाला, याचा आलेख मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात बनवतो. तेलाची रेघ लाल, गॅसची निळी. जाहीर होण्याआधी तो कुणाला दिसला, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

तरी शेवटचा हात मी ट्रेनमध्येच फिरवायचो. आणि दर महिन्याला, नेमक्या त्याच दिवशी, शेजारी त्या बाई! पांढऱ्या केसांचा बॉब, मोठा चष्मा, मांडीवर विणकाम. मी लॅपटॉप उघडला की त्यांच्या सुया थांबायच्या, वळून पाहिलं की पुन्हा सुरू. एकदा मी ते विणकाम नीट न्याहाळलं आणि उडालोच. राखाडी मफलरवर दोन वळणदार रेघा, एक लाल, एक निळी. माझ्याच!

"हा माझा आलेख आहे!" घाबरून तोंडून मराठीच निघालं.

"अय्या, मराठी का तुम्ही?" बाई खूश. "अहो, नातवाच्या मफलरला डिझाइन सुचत नव्हतं. या महिन्यात लाल खाली आली ते बरं झालं हं, नाहीतर मफलरच्या बाहेरच गेली असती!"

मी पोट धरून हसलो.

तेल कमी निघालं म्हटल्यावर भाव चढणारच. पण दुसऱ्या दिवशी आमचा आलेख जाहीर होण्याआधीच भाव चढला.

पुढच्या महिन्यात मी लॅपटॉप बंद ठेवून सहज विचारलं, "मावशी, नातू काय करतो?"

"लंडनला तेलाच्या बाजारात आहे," सुया न थांबवता त्या म्हणाल्या. "आज काम नाही का तुम्हाला?"