दोन पोळ्यांचा बोजारा

गेल्या पोळ्याला बोजाऱ्याचे, म्हणजे सजवलेले बैल दारी आणणाऱ्याला द्यायचे, शंभर रुपये माझ्या खिशातच राहिले. मी आणि बायको यवतमाळच्या दवाखान्यात धाकट्या भावाच्या खाटेजवळ होतो. त्याला एचआयव्ही आहे, म्हणून गावानं तो संपलाच असं धरलं. दाखल मात्र तो टीबीमुळे झाला होता. उपवासाला गोळी चालत नाही, असं समजून तो एचआयव्हीची गोळी दर उपवासाला चुकवत आला होता; त्यातूनच प्रतिकारशक्ती घटून टीबीनं गाठलं.

“काहून जी भाऊजी, देवानं सांगतलं होतं काय, गोळी खाऊ नोका म्हणून?” बायको तडकली.

“आता साबुदाण्यासंगं गोळीबी वाढत जा, वहिनी.”

टीबीचा उपचार त्यानं पूर्ण केला. यंदा बैल सजवून त्यानंच दारी आणले. बैल आणणाऱ्याचा मान म्हणून दोन्ही वर्षांचा बोजारा, दोनशे रुपये, मी त्याच्या हातावर ठेवला.