वकीलबाईंची प्रार्थना

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना चर्चच्या मंडळीत सगळे वकीलबाई म्हणत. देवाच्या दरबारात दुसऱ्याची बाजू मांडावी तर त्यांनीच! कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाचा रुसलेला जावई. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या की पाळकांना चहाची आठवण होईपर्यंत थांबत नसत. खोटं कशाला बोला, बाईंना त्याचा थोडा तोराही होता.

त्यांच्या शेजारच्या दुकानात इस्त्रीवाला होता. त्याच मंडळीतला, पण अबोल. मुलगा परगावी नोकरीला आहे, एवढंच तो सांगे. एकदा गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण लावून घ्यायला आला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसूनच राहिला.

"ताई, पोरगा तुरुंगात आहे. मारामारीत सापडला. कुणाजवळ बोललो नाही. तुम्ही तेवढी प्रार्थना करा."

"करते हो, भाऊ," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

पुढच्या बुधवारी प्रार्थनासभेत त्या उभ्या राहिल्या. "हे प्रभू, आमच्या इस्त्रीवाल्या भावाचं लेकरू तुरुंगात आहे. त्याच्या हातून मारामारी झाली, तू त्याला क्षमा कर..." शब्द नुसते वाहत होते. मागून कुणीतरी हुंदका दिला, तसा बाईंना आणखी चेव आला. आमेन म्हणून डोळे उघडले, तर सगळे मागच्या बाकाकडे माना वळवून बघत होते. इस्त्रीवाला बायकोचा हात धरून दाराबाहेर चालला होता.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या दुकानात गेल्या.

"भाऊ, चुकलं माझं. पण मी देवाकडेच मागत होते हो."

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "देवाला मी आधीच सांगितलं होतं, ताई. तुम्ही कुणाला सांगत होता? माझी बायको सकाळपासून नळावर पाण्यालासुद्धा गेली नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्या दुकानाबाहेर पडल्या.

घरी येऊन त्यांनी दार लावलं, गुडघे टेकले. ऐकायला कुणीच नव्हतं. "प्रभू, त्या लेकराला सांभाळ," एवढं म्हणून झालं आणि पुढे शब्दच येईनात. बाई लाजेने भिंतीकडे बघत बसून राहिल्या. त्या मुलासाठी एकटीने त्या आज पहिल्यांदाच प्रार्थना करत होत्या.