वाघुरीचं तोंड उघडं ठेवा

रोहिणी माझ्या भावाची, सिद्धूदादाची लेक. नव्याण्णव सालात कॉम्प्युटर शिकायला कोऱ्हाळ्यावरनं बारामतीला माझ्याकडं ऱ्हायला आली. दादा आधी मेंढरं राखायचा, मग ऊस करायला लागला. त्यानं बजावलं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, न्हायतर पोर घरी." मी म्हटलं, "एवढी कसली घाई रं तुला? पोर काय बाजारातलं कोकरू हाय व्हय?" पण ऐकंल तर तो दादा कसला!

क्लासच्या सरांनी तिला काम दिलं. इंदापूरच्या द्राक्षवाल्यांच्या संघासाठी कॉम्प्युटरवर पान करायचं. शेतकऱ्यांची नावं, प्रत्येकापुढं एक चौकोन. ज्याचा माल ट्रकात चढला, त्याच्यापुढं टिक. वर एक चौकोन 'सगळे', तो दाबला की खालचे आपोआप भरायचे. त्यासाठी ब्राउझरात चालणारी स्क्रिप्ट तिनं लिहिली. काम संघाला पसंत पडलं तर सरांकडंच नोकरी.

दाखवायच्या दिवशी मी अन् दादा मागं बसलेलो. संघाच्या जोतीरामतात्यांनी 'सगळे' दाबलं. झाक! सगळ्यांवर टिक. मग म्हणाले, "झुंबरची द्राक्षं अजून आंबट हायती," अन् त्याची टिक काढली. पण वरची 'सगळे'ची टिक तशीच!

तात्या खवळले. "एक मागं ऱ्हायला तरी सगळे? ड्रायव्हर गाडी घिऊन जाईल की!" सर कावरेबावरे झाले.

रोहिणीनं एकदा दादाकडं बघितलं. दादाची रीत तिला ठाऊक. सांजंला मेंढरं वाघुरीत, जाळीच्या कुंपणात घेताना एक कोकरू जरी बाहेर असलं, तरी तो तोंड बांधायचा न्हाय. "तात्या, चहा घ्या, तवर करती," म्हणाली अन् बसली. कुठलाबी चौकोन दाबला की स्क्रिप्टनं सगळे फिरून तपासायचे. एकबी रिकामा दिसला, तर वरची टिक उतरवायची, सगळे भरले की चढवायची, असं तिनं त्यात घातलं.

तात्यांनी पुन्हा झुंबरला काढला, वरची टिक गेली. त्याला परत घेतला, वरची आपसूक आली. "आता कसं बोललीस!" तात्या हसले. सर म्हणाले, "रोहिणी, सोमवारपासून कामावर ये."

मी दादाला ढोसलं, "आता बोल की!" त्यानं पटक्याच्या शेवानं डोळं पुसलं.

"काय बोलू? ऱ्हा हितं. पण दिवाळीला ये, बाई. तू येस्तवर माझ्या घरात सगळी आली म्हणायचं न्हाय, अन् दाराला कडी बी लावायची न्हाय."