माळावरचा खाणकामगार

देवकाबाईंचा नवरा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत दबून गेला. मृतदेह सापडलाच नाही. मुलगा रत्नदीप सिंगापूरला इंजिनीयर झाल्यावर त्या तिथल्या क्लेमेंटी भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या; नवऱ्याचा विषय मात्र कधी काढत नसत.

यंदा सुट्टीत रत्नदीपनं त्यांना ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं एक ओस पडलेलं खाणगाव दाखवायला नेलं. तिथं उघड्या माळावर लोखंडी पुतळे उभे होते. हेल्मेट घातलेल्या एका खाणकामगाराच्या पुतळ्यापाशी देवकाबाई खाली बसल्या.

"आई, चल, ऊन फार आहे," रत्नदीप म्हणाला.

"बसू दे. तुया बापाजवळ बसाले भेटलंच नाही मले."

रत्नदीपही शेजारी मातीत बसला. क्लेमेंटीला परतल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि काही विचारायचं धाडस त्यालाही झालं नाही.