टौरंगाच्या सभेत फ्रेंच पंडिताला खोटं पाडायला गेले त्याची गोष्ट

टौरंगाला जायचं मी ठरवलं ते समुद्रासाठी नव्हे, नातीला ताळ्यावर आणायला. समुद्र आयता मिळाला.

नात म्हणजे इरा. कॉम्प्युटर आणि इतिहास दोन्ही एकदम शिकली, इथे तसं चालतं. एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिला मात्र पुढे इतिहासच शिकायचा होता. कुणाचा? तर फ्रान्सच्या शेतकऱ्यांचा! शेतातून सुटका व्हावी म्हणून मी देवाला नवस बोलले, पोराला इंजिनियर केलं, तो विमानात बसून या किवींच्या देशात, टाकानिनीला आला, आणि ही पोरगी फी भरून परत शेतकऱ्यांकडे निघाली.

टौरंगाला इतिहासवेड्या म्हाताऱ्यांची एक सभा भरते. तिथे शनिवारी इराला बोलायचं होतं. "जमलं तर इतिहास, नाही जमलं तर नोकरी," असं तिनेच ठरवलं होतं. निघताना संदीप, माझा मुलगा, गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला, "आई, येताना हिला शहाणी करून आण."

"शहाणीच आणते," मी म्हटलं. "तू कुकरची शिट्टी नीट बसव."

(माझी शाळा चौथीत सुटली. हे मी वहीत लिहिलंय, टाईप सून करते. चुका तिच्या.)

टाकानिनी सोडलं की वीसेक मिनिटांत बॉम्बे लागतं. थट्टा नाही, गावाचं नावच ते. मुंबईतलं तिथे काही नाही, आजूबाजूला कांद्याची शेतं. पुढे डावीकडे टौरंगाचा रस्ता फुटतो. रस्ता बारीक आहे, समोरून ट्रक येतात, घाई करू नका. थांबत गेलात तर तीन तास, जाऊन-येऊन पेट्रोल पन्नास डॉलरच्या आत. पायरोआला बाकावर बसून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. विकतचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली जाड कचोरी, घेणार असाल तर आत काय आहे ते दोनदा विचारा. आणि इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. म्हशी शोधू नका, आइस्क्रीम घ्या.

पुढे घाट आणि नदी. इरा गाडी चालवता चालवता भाषणाची तयारी करत होती, म्हणजे मला छळत होती. भाषण ज्याच्यावर होतं त्या फ्रेंच इतिहासकाराचं नाव मी लिहीत नाही, उच्चारताना माझी कवळी निसटते. गडी तरुणपणी दक्षिण फ्रान्सात गेला आणि जुनी सारावसुलीची दप्तरं उघडून बसला. चर्चला दरसाल किती धान्य गेलं त्यावरून किती पिकलं असेल ते ताडलं, आणि शेकडो वर्षांच्या शेतकऱ्यांवर उशीएवढं जाड पुस्तक लिहिलं. मग द्राक्षं कधी तोडली त्या तारखांवरून जुनी थंडी-ऊन शोधलं. मग डोंगरातल्या एकाच खेड्यावर अख्खं पुस्तक.

"आजी, त्या खेड्यात कोण कोणाच्या उवा काढायचं तेपण त्यानं लिहिलंय."

"उवा? आणि याला पगार मिळायचा?"

"हीप्स, म्हणजे ढीगभर! टॉपचा प्रोफेसर होता तो."

उवा कोण कोणाच्या काढतं त्यावरून घरात कोणाचं कोणाशी जमतं ते कळतं, हे मला ठाऊक होतं. बाप्याला कळलं, म्हणजे अगदीच दगड नव्हता. पण दप्तरांची गोष्ट माझ्या डोक्यात अडकली होती. म्हटलं, सापडला हा!

काटीकाटी नावाच्या गावात भिंतींवर मोठाली चित्रं आहेत, फुकट आहेत, उतरून बघा. तिथून पुढे झाडांच्या उंच भिंती आणि त्यांच्या आत किवीच्या बागा.

सभा एका छोट्या हॉलमध्ये होती. दोन डॉलर दानपेटीत टाकायचे, चहा आणि जॅम लावलेला स्कोन त्यातच. तीसेक डोकी, सगळी पांढरी. किया ओरा, म्हणजे इथला रामराम, वगैरे झालं आणि इरा उभी राहिली. कागदात नाक खुपसून वाचत सुटली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा पाच मिनिटांत पेंगला. तिचे कान लाल झाले. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या त्या दयेच्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, ही सोमवारी नोकरीला हो म्हणणार.

काम झालंच होतं माझं. पण जिभेला खाज. कुणाला काही प्रश्न असतील तर विचारा म्हणाले, मी हात वर केला.

"आजी, प्लीज!"

"मराठीत विचारते. तू सांग त्यांना. तुझ्या पंडिताची सगळी दप्तरं खोटी. लेव्हीची ज्वारी न्यायला सरकारी माणूस यायचा तेव्हा आम्ही काय खरं सांगायचो? सासूबाई पोती पेवात पुरायच्या आणि वर शेळी बांधायच्या. फ्रान्समधल्या बायका काय हरिश्चंद्राच्या लेकी होत्या?"

स्वतःवरचा हल्ला तिला स्वतःच्याच तोंडाने इंग्रजीत सांगावा लागला. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार हेही सांगितलं. शेळीपाशी हॉल हसला. पेंगलेला उठला.

मग इराने कागद खाली ठेवला. "आजी, किती पोती पुरायचात?"

"पिकलेल्याची तिसरी वाटणी."

"आणि दुष्काळात?"

"तेव्हाही तिसरीच. सासूबाईंचा नेम होता."

"झालं तर!" ती टाळी वाजवून ओरडली. "सगळे लपवायचे, हे त्याला माहीत होतं. पण दरसाल साधारण सारखंच लपवलं, तर किती पिकलं ते चुकेल, पीक चढलं की पडलं ते नाही चुकणार! आणि एका गावावर तो विसंबत नाही, अनेक गावं शेजारी शेजारी मांडतो." मग तेच इंग्रजीत, हातवारे करत, फळ्यावर रेघा ओढत. मागून एक किवी बागवाला ओरडला, "माझे वडीलही दरवर्षी सारखंच खोटं बोलायचे!" मग एकेकाचे बाप, आज्या, लपवलेली मेंढरं बाहेर पडायला लागली. चहा गार झाला. पाऊण तास कुणी हललं नाही.

मी हरले होते, तीस माणसांदेखत, सासूबाईंच्या पुराव्यावर. आणि मला इतकं हसू येत होतं की स्कोनचा चुरा लुगड्यावर.

रात्री टौरंगाच्या समुद्रकाठी, माऊंट म्हणतात तिथे मोटेल, एकशे दहा डॉलर, आत ओटा आणि गॅस आहे, तांदूळ घेऊन जा. रविवारी सकाळी खारं गरम पाणी साठवलेल्या तलावात गेलो. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, तिथे सक्तीचे. मी काठावर बसून पाय सोडले, इरा बदकासारखी फडफडत पोहली. परतताना पूर्ण रस्ताभर दोघी बडबडत होतो, बॉम्बे कधी आलं कळलं नाही.

दारातच संदीपने विचारलं, "काय ठरलं?"

"ती कंपनीला नको म्हणून कळवणार."

"आई! तू माझ्या बाजूची होतीस ना?"

"होते. सभेत हरले. आता तिच्या बाजूची."

तो दिवसभर तोंड पाडून बसला. सोमवारी इराने फोन केला, नोकरी गेली. पुढे तिचं काय होईल मला माहीत नाही. इतिहासाने पोट भरतं की नाही तेही माहीत नाही. समुद्र छान होता, पण समुद्र सगळीकडे ओलाच असतो. माझ्यापाशी राहिली ती हरण्याची मजा. नातीकडून हरताना एवढी गंमत येते हे आधी कळलं असतं, तर तिच्या बापाकडूनही एखाद वेळी हरले असते.