डुप्लिकेट नव्हे, पाठीवरची

दसरा, १९९६, सकाळ. जागा – सुरत, पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटचं पार्किंग, सणाच्या सुट्टीमुळे मोकळं. हजर – मी, माझी बायको सुशीला, आमचे मेकॅनिक गफूरभाई, नवसारीचे देसाईसाहेब, आणि जुन्या गाड्यांचा मेळावा भरवणारे मेहताभाई. बघे पुष्कळ होते, पण गाड्यांजवळ आम्ही पाचच.

हजेरी आधी दिली, कारण दुसऱ्या कोणी असला किस्सा सांगितला असता तर मीच विचारलं असतं – बघितलं कोणी? उधन्यात माझं लूमच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी माल मोजायला उठतो...

आता गाडी. दोन सीटची, हिरवी, उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार. कंपनीनं हे मॉडेल साठच्या दशकात बंद केलं. वीसेक वर्षांनी त्याच कंपनीनं, त्याच नकाशांवरून, जुने चासी नंबर पुढे चालू ठेवून थोड्या गाड्या पुन्हा बांधल्या. माझी त्यातली. लंडनहून परत आलेल्या एका शेठनी ती आणली होती. गुडघे गेल्यावर त्यांना आत बसता येईना, तेव्हा मी घेतली.

पण हे रस्त्यात कोणाकोणाला सांगणार? प्रत्येक सिग्नलला कोणीतरी म्हणायचंच, "मस्त डुप्लिकेट बनवली हो. कुठे, राजकोटला?"

आमच्या धंद्यात 'डुप्लिकेट' ही शिवी आहे. माझ्या दुकानाची सगळी पत एका वाक्यावर – इथे ओरिजिनलच मिळतं. आणि गिऱ्हाईकं हसत म्हणायला लागली होती, "शेठ स्वतः डुप्लिकेट फिरवतात, आपल्याला काय ओरिजिनल देणार?" थट्टाच ती, पण दोन जुन्या कारखानदारांनी माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती. म्हणून मेळाव्यात नाव दिलं. ओरिजिनल गाड्यांच्या रांगेत एकदा चारचौघांनी बघितली की विषय संपला.

मेहताभाईंनी आधी तिला ओरिजिनलच्याच रांगेत लावलं, देसाईसाहेबांच्या गाडीशेजारी. त्यांची तीच गाडी, तोच हिरवा रंग, फक्त साठच्या दशकातली. ती ट्रकवर घालून आणली होती. बॅटरी बसलेली, म्हणून ड्रायव्हर बॅटरी काढून चार्जिंगला घेऊन गेला होता.

देसाईसाहेबांनी माझ्या गाडीला एक फेरी मारली. "मेहताभाई, आ तो डुप्लिकेट छे."

मी कागद दाखवले, नंबर दाखवला. ते म्हणाले, "नंबर तो कोई पण ठोके."

मेहताभाईंनी रेप्लिकाची पाटी माझ्या गाडीला टेकवली आणि खाली बघत म्हणाले, "भाऊ, जरा त्या बाजूला घ्या ना... रेप्लिकावाल्यांमध्ये."

बघ्यांत माझी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी गाडी काढायला आत बसलो.

तेवढ्यात सुशीला पूजेचं ताट घेऊन आली. घाईघाईत तिनं बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, आपट्याचं पान ठेवलं, हात जोडले – देसाईसाहेबांच्या गाडीला. दोन्ही हिरव्या, ती चुकली.

"अरे बेन, आ शुं कर्युं! माझा पेंट!"

सुशीला कधी चूक कबूल करत नाही. ताट सावरत शांतपणे म्हणाली, "चुकलं कुठे? ही मोठी, आमची हिच्या पाठीवरची. दसऱ्याला धाकट्यानं मोठ्याला आधी सोनं द्यायचं असतं." मग माझ्याकडे बघून आमच्या घरच्या अहिराणीत, "मोठाले पहिले देनं पडस ना?"

गफूरभाई खोकल्याच्या निमित्तानं हसले. मी मान खाली घालून स्टार्टर दाबला.

माझी गाडी गप्प. शेजारची सुरू झाली.

तिच्यात कोणी नव्हतं. किल्ली देसाईसाहेबांच्या खिशात होती, त्यांनी लगेच चाचपून बघितली. गफूरभाईंनी बॉनेट उचललं. बॅटरीची जागा रिकामी, वायरी लोंबकळतायत आणि इंजिन एका लयीत चाललंय... आपट्याचं पान थरथरत बॉनेटवरून घरंगळलं, ते सुशीलानं झेललं.

"शेठ," गफूरभाई म्हणाले, "मैं हाथ नहीं लगाऊंगा."

सुशीला तेच पान घेऊन आमच्या गाडीकडे आली, बॉनेटवर ठेवलं. "घे गं, तुला पण." मोठी गाडी बंद पडली. त्याच क्षणी माझी सुरू झाली. माझं बोट स्टार्टरवर नव्हतं, मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

देसाईसाहेबांनी हळू आवाजात सुशीलाला विचारलं, "बेन, सोनं घेतल्यावर मोठ्यानं काय करायचं असतं?"

"आशीर्वाद द्यायचा."

त्यांनी माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग रेप्लिकाची पाटी स्वतः उचलून मेहताभाईंच्या हातात दिली. "आ मारी बाजूमां ज रहेशे."

मेळाव्याच्या मिरवणुकीत ओरिजिनलच्या रांगेत दोघी जोडीनं पुढे होत्या, माझी स्वतःच्या ताकदीवर, मोठी तिच्या दोरीला बांधलेली. हो, बॅटरी येईपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाही. उधन्याला परतलो तर दोन्ही कारखानदार दुकानाच्या पायरीवर. एक म्हणाला, "शेठ, गाडी पाठीवरची आहे म्हणे." तो शब्द आमच्याआधी पोचला होता. ऑर्डरही त्यांनी तिथेच लिहून दिली.

उतार, वायरिंग, कोणाची चलाखी – मी सगळं तपासलं. जागा सपाट होती. दोन्ही गाड्या गफूरभाईंनी नंतर उघडून बघितल्या. उत्तर नाही. सुशीलानं मात्र एवढं कबूल केलं की गाडी खरंच चुकली होती.

एक काम राहिलंय. देसाईसाहेबांच्या पेंटवर हळदीचे डाग बसले, ते पॉलिश करून देतो असा शब्द मी त्याच दिवशी दिला होता. दर दसऱ्याला आमची गाडी मोठीला सोनं द्यायला नवसारीला जाते, डिकीत पॉलिशचा डबा असतो. देसाईसाहेब सोनं घेतात, चहा पाजतात, आणि मी डबा काढला की म्हणतात, "रहेवा दो, आवता वर्षे" – राहू द्या, पुढच्या वर्षी. डब्याचं सील अजून फुटलेलं नाही.